भयपट निवडावा कसा आणि ऐकावा कसा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेली काही वर्षे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सात-आठ जण एकत्र बसून एक भयपट पाहतो. त्यात सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई आहेत, बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका आहेत, अभियांत्रिकी शिकणारी दोन मुले आहेत आणि भुताच्या चित्रपटाचे नाव काढले की पूर्वी उठून जाणाऱ्या वहिनीही आहेत. चित्रपट निवडण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे ‘एखादा चांगला भयपट सांगा’ अशी विचारणा मला लिफ्टमध्ये आणि तलावपाळीला फिरतानाही होते. एखादे नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण एकाला घाम फोडणारा चित्रपट दुसऱ्याला कंटाळवाणा वाटतो आणि तिसऱ्याला नको त्या दुःखाची आठवण करून देतो. म्हणून निवडीची आणि पाहण्याची माझी पद्धतच येथे मांडते.

भयपट आधी कानांनी निवडावा, हा या पद्धतीचा पाया आहे. घाबरलेला प्रेक्षक डोळे झाकून घेतो आणि तरीही घाबरतच राहतो, कारण त्याचे कान उघडे असतात. नवा चित्रपट सर्वांपुढे लावण्यापूर्वी मी त्याची पहिली दहा मिनिटे टीव्हीकडे पाठ करून ऐकते. त्या दहा मिनिटांत शांतता, मग एकाएकी मोठा दणका, पुन्हा शांतता आणि पुन्हा दणका एवढेच ऐकू आले, तर तो चित्रपट मी सहसा बाजूला ठेवते. कुकरची शिट्टी अचानक झाली तरी माणूस दचकतो, पण त्याला कोणी घाबरणे म्हणत नाही. रात्री दोन वाजता अंधाऱ्या स्वयंपाकघरात कोणीतरी ओट्यावर वाटी ठेवल्याचा आवाज आला आणि घरातली सगळी माणसे तर आपापल्या अंथरुणात आहेत हे आपल्याला ठाऊक असले, तर मात्र आपण घाबरतो. चांगला दिग्दर्शक दुसऱ्या प्रकारचा आवाज शोधत असतो.

आवाजाने घडवलेली भीती

आपल्याकडे या कलेचा पाया १९४९ सालच्या ‘महल’ने घातला. बॉम्बे टॉकीजच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक कमाल अमरोही आणि संगीतकार खेमचंद प्रकाश. ‘आयेगा आनेवाला’ या गाण्यातला आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा, म्हणून लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यापासून गात गात हळूहळू माइककडे चालत आल्या होत्या. त्या काळी यंत्राने असा परिणाम साधण्याची सोय नव्हती. अंतर खरोखरच चालून काढावे लागले. आजही हे गाणे अंधारात ऐकताना प्रत्येक ओळीबरोबर कोणीतरी एक पाऊल पुढे आल्यासारखे वाटते, ते यामुळेच. सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचे नावही लताबाईंचे नव्हते, चित्रपटातल्या ‘कामिनी’ या पात्राचे होते. हा आवाज नेमका कोणाचा, असा प्रश्न हवेलीत फिरणाऱ्या अशोक कुमारांइतकाच त्या वेळच्या श्रोत्यांनाही पडला होता.

मराठीत याच जातीचे उदाहरण म्हणजे ‘हा खेळ सावल्यांचा’. १९७६ सालच्या या चित्रपटात आशा काळे आणि डॉ. काशिनाथ घाणेकर आहेत, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आहे आणि आशा भोसले यांचे ‘काजळ रातीनं’ हे गाणे भीती आणि विरह यांना इतके एकजीव करते की ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. घाणेकरांच्या नावाचे नाट्यगृह आमच्या ठाण्यातच असल्यामुळे आमच्या मंडळीत हा चित्रपट फार जिव्हाळ्याने पाहिला गेला. सासूबाईंनी गाणे सुरू होताच पदर खांद्याभोवती घट्ट ओढून घेतला, हे मला अजून आठवते.

परदेशी चित्रपटांत सुरुवात ‘सायको’ने (१९६०) करावी. आल्फ्रेड हिचकॉकला न्हाणीघरातल्या खुनाच्या त्या प्रसिद्ध प्रसंगाखाली आधी संगीतच नको होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर बांधलेला तुकडा ऐकल्यावर त्याने मत बदलले. तो प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासह पाहावा. चाकू अंगात शिरताना दिसत नाही, तो व्हायोलिनच्या किंकाळ्यांतून ऐकू येतो, हे लगेच ध्यानात येते. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’मध्ये (१९७८) दिग्दर्शकानेच बसवलेली पियानोची धून आहे. तिचा ताल पाच मात्रांचा असल्यामुळे चार मात्रांची सवय असलेल्या कानाला प्रत्येक आवर्तनात काहीतरी चुकल्यासारखे वाटते आणि हे अस्वस्थपण सुमारे ३ लाख डॉलरमध्ये बनलेल्या त्या छोट्या चित्रपटाला अखेरपर्यंत तोलून धरते. ‘द एक्झॉर्सिस्ट’ला (१९७३) मिळालेल्या दोन ऑस्करपैकी एक ध्वनीसाठी होते, ते सर्वस्वी योग्य होते. त्यातले दृश्य अत्याचार आज काहींना जुने वाटतील, पण त्यातल्या झपाटलेल्या मुलीच्या तोंडून येणारा परका आवाज जुना झालेला नाही. अलीकडच्यांपैकी अॅरी अॅस्टरच्या ‘हेरेडिटरी’त (२०१८) जिभेने टाळूवर केलेला ‘टॉक’ असा एक साधा आवाज आहे. तो पहिल्यांदा आपण जवळजवळ ऐकतही नाही, पण चित्रपटाच्या उत्तरार्धात तोच आवाज ऐकून आमच्या दिवाणखान्यात कोणी हलले नव्हते.

आवाजाबरोबर दुसरी कसोटी लावावी ती न दाखवण्याची. रॉबर्ट वाइझच्या ‘द हॉन्टिंग’मध्ये (१९६३) भूत एकदाही दिसत नाही. दोन स्त्रिया एका खोलीत एकमेकींना बिलगून बसलेल्या आहेत, बाहेर दारांवर धपाधप धक्के बसत आहेत आणि ते धक्के व्हरांड्यातून त्यांच्या दाराकडे सरकत आहेत, एवढेच. त्याहून भीतिदायक प्रसंग मी पाहिलेला नाही. स्पीलबर्गच्या ‘जॉज’मधला (१९७५) यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बंद पडत असल्यामुळे दिग्दर्शकाला तो फारसा दाखवता आला नाही आणि जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनीच माशाचे काम केले, अडचणीतून झालेला हा लाभ प्रत्येक नव्या दिग्दर्शकाने अभ्यासावा असा आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्येही (१९९९) जंगलातल्या तंबूबाहेरचे आवाज आहेत आणि बाकी सगळे अंधारात आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलालगत ज्यांनी एखादी रात्र काढली असेल, त्यांना या चित्रपटाची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

आपल्या घरासारखे घर

नावे ठरवताना मी एक प्रश्न नेहमी विचारते: पाहणारा माणूस कोणत्या घरात वाढला? सासूबाईंचे बालपण कोकणातल्या मागीलदारी विहीर असलेल्या घरात गेले. त्यांना वाडा, माजघर, अडगळीची खोली आणि पावसाळ्यातली कंदिलाची रात्र घाबरवते. टॉवरमध्येच जन्मलेल्या मुलांना वाडा म्हणजे सहलीची जागा वाटते. त्यांना भीती वाटते ती मजल्यावर आपोआप थांबणाऱ्या लिफ्टची, लांब कॉरिडॉरची आणि समोरच्या कुलूपबंद फ्लॅटची. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या तरुणांना म्हणूनच मी राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ (२००३) सर्वांत आधी सुचवते. त्यात एकही गाणे नाही, हवेली नाही, स्मशान नाही. उंच इमारतीतला एक फ्लॅट आहे आणि त्यात राहायला आलेले एक जोडपे आहे. ऊर्मिला मातोंडकर यांचा अभिनय पाहताना आपण आपल्याच बैठकीच्या खोलीकडे तिरप्या नजरेने पाहू लागतो. विक्रम कुमार यांचा ‘१३बी’ (२००९) त्याहून पुढे जातो. नव्या फ्लॅटमध्ये आलेल्या एकत्र कुटुंबातल्या बायका दुपारी एक मालिका पाहू लागतात आणि मालिकेतल्या घरात जे घडते ते यांच्या घरात घडू लागते. नायक एकटा असला की लिफ्ट चालत नाही, दूध रोज नासते. हप्ते फेडून घेतलेल्या घरातच हे सुरू झाले तर माणूस जाणार कुठे, हा त्या कथेचा खरा काटा आहे आणि आपल्याकडच्या कोणत्याही नोकरदार घराला तो बोचल्याशिवाय राहत नाही.

राहुल सदाशिवन यांचा मल्याळम ‘भूतकालम’ (२०२२) भाड्याच्या साध्या घरातल्या आई आणि मुलाचा आहे. त्यातली आई रेवती आहेत. वर्मांच्या ‘रात’मध्ये (१९९२) झपाटलेल्या तरुणीचे काम त्यांनीच केले होते, त्यामुळे हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन आठवड्यांत पाहण्याने विशेष समाधान मिळते. सदाशिवन यांचाच ‘ब्रमयुगम’ (२०२४) कृष्णधवल आहे आणि त्यात मामूट्टी यांनी उभा केलेला जुन्या मनेचा, म्हणजे केरळी वाड्याचा, मालक पानाचा विडा चघळत बसलेला असतानाही अंगावर येतो. हा चित्रपट मात्र वाड्याची भीती असणाऱ्यांसाठी राखून ठेवावा.

आणि ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे दिग्दर्शित आणि सोहम शाह यांची मुख्य भूमिका असलेला हा २०१८ सालचा चित्रपट हिंदीत आहे, पण त्यातले घर, नातीगोती, पाऊस आणि दारिद्र्य मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण करून देते, तर कथेचे बीज नारायण धारपांच्या भयकथेत आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत कथा फिरते आणि प्रत्येक काळात पाऊस पडत राहतो. छायाचित्रकार पंकज कुमार यांनी तो पाऊस इतका करडा आणि ओला टिपला आहे की पाहताना भिंतींना हात लावला तर ओल लागेल असे वाटते. हस्तर या कथेतल्या शापित देवाचे नाव घेऊन म्हातारीला झोपवण्याचा प्रसंग सासूबाईंनी पाहिला आणि त्यांच्या लहानपणी मुलांना कोणाचे नाव घेऊन झोपवत, हे त्यांनी त्यानंतर तासभर सांगितले. या चित्रपटात भुतापेक्षा माणसाची हाव अधिक भयंकर आहे आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. म्हणून कॉलेजच्या वयाची मुले आणि त्यांचे आई-वडील यांनी तो एकत्र बसून पाहावा, असे मला कळकळीने वाटते. पहिल्या प्रदर्शनात त्याला पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही. २०२४ च्या पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्यापेक्षा अधिक कमाई केली. तो चित्रपटगृहात पुन्हा लागला तर घरी पाहू नये.

कोणाला काय दाखवू नये

बोलावलेल्या प्रत्येकाची आधी हळुवार चौकशी करावी. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्यांना ‘हेरेडिटरी’ किंवा जेनिफर केंटचा ‘द बाबाडूक’ (२०१४) दाखवू नये. दोन्ही श्रेष्ठ आहेत, पण त्यांचा विषयच घरातला शोक हा आहे. विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ (२०१७) गरोदर स्त्रीची कथा सांगतो. उसाच्या शेतांनी वेढलेल्या घरात पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी जे उभे केले आहे, ते मला त्याच दिग्दर्शकाच्या ‘छोरी’ (२०२१) या हिंदी अवतारापेक्षा अधिक टोकदार वाटते, पण गरोदर मैत्रिणीला तो चित्रपट आणि ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) हे दोन्ही वर्षभराने दाखवावेत. मुलांसाठी प्रमाणपत्र अवश्य पाहावे. आता यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाल्यामुळे निर्णय सोपा झाला आहे.

अगदी भित्र्या माणसाची सुरुवात हसवणाऱ्या भयपटाने करावी. आमच्या वहिनींची सुरुवात ‘झपाटलेला’ने (१९९३) झाली, कारण दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्ये यांची बाहुली त्यांच्या शाळेच्या दिवसांतली ओळखीची होती. पुढे आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (२०२२) लावला. आपल्याच जिल्ह्यातली डोंबिवली, तिथले टॉवर आणि शेजारच्या वस्तीतला पाण्याचा प्रश्न त्यात असल्यामुळे सगळ्यांनी तो हसत पाहिला आणि शेवटी गंभीरही झाले. त्यांचाच ‘मुंज्या’ (२०२४) नंतर लावला. त्यानंतर चौथ्या महिन्यात वहिनी ‘भूत’ पूर्ण पाहू शकल्या. रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) व्हिडिओ कॅसेटचा काळ अनुभवलेल्यांबरोबर पाहण्यात आनंद आहे, पण नवख्याला ते दाखवू नयेत, कारण त्यांत संगीत कधी थांबतच नाही.

घरातली तयारी

रात्री १० नंतर आवाजावर निर्बंध असतात आणि शेजाऱ्यांची झोपही महत्त्वाची असते, म्हणून चित्रपट साडेसातला सुरू करावा. आवाजाची पातळी आधीच संवाद नीट ऐकू येतील अशी ठरवावी आणि मग रिमोट बाजूला ठेवावा. दणक्याला आवाज कमी आणि कुजबुजीला जास्त करत राहिले तर दिग्दर्शकाने मोजून ठेवलेली शांतता हाती लागत नाही. टीव्हीतला किंवा साउंडबारमधला नाइट मोड नेमके हेच करतो, तो बंद करावा. टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून असतात, त्यामुळे साधा साउंडबारही मोठा फरक पाडतो. एकट्याने पाहत असल्यास कान पूर्ण झाकणारे हेडफोन उत्तम.

चित्रासाठी सिनेमा मोड निवडावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी मोशन स्मूदिंगची सोय बंद करावी, नाहीतर ‘सायको’सुद्धा दैनिक मालिकेसारखा दिसतो. समोरच्या टॉवरचा उजेड थांबवायला जाड पडदे नसतील तर गडद चादर खिडकीवर टाकली तरी चालते. सर्वांचे मोबाइल एका स्टीलच्या डब्यात घालून तो डबा स्वयंपाकघरात ठेवावा. खाणे आधी उरकावे. आम्ही ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) पाहताना वेफर्सचे एक पाकीट उघडले गेले आणि ज्या चित्रपटात आवाज करणारा मरतो, त्याची पहिली वीस मिनिटे वाया गेली. आता कांदाभजी चित्रपट संपल्यावर तळतात.

डब केलेली आवृत्ती लावू नये. भयपटात श्वासही अभिनयाचाच भाग असतो आणि डबिंगमध्ये तो दुसऱ्याच माणसाचा येतो. हिदेओ नाकाताचा ‘रिंगू’ (१९९८) जपानीतच ऐकावा, ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) कोरियनमध्ये. ज्यांना सबटायटल वाचणे जड जाते त्यांच्यासाठी मी अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरांत पात्रांची नावे, नाती आणि पहिल्या अर्ध्या तासाची कथा मराठीत लिहून देते. काकांनी एवढ्या आधारावर ‘रिंगू’ पाहिला आणि शेवटानंतर टीव्हीचा स्विच भिंतीवरून बंद करायला लावला.

पैसे न खर्चता कायदेशीरपणे सुरुवात करायची असेल तर जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) इंटरनेटवर मोफत मिळतो. प्रदर्शनाच्या वेळी स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावर टाकायची राहून गेल्यामुळे तो सार्वजनिक झाला. मुर्नाऊचा मूकपट ‘नोस्फेराटू’ही (१९२२) मिळतो. तो ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवर परवानगीशिवाय बेतलेला असल्यामुळे तिच्या लेखकाच्या पत्नीने दावा लावल्यावर न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता, काही प्रती वाचल्या म्हणून आपण तो पाहू शकतो. मूकपटाला निरनिराळी संगीते जोडलेली असतात. दोन-तीन ऐकून संथ असेल ते निवडावे.

हे सगळे जमल्यावर, साधारण सहाव्या महिन्यात, ‘द इनोसंट्स’ (१९६१) लावावा. जॅक क्लेटनचा हा चित्रपट माझ्या मते या साऱ्या यादीत सर्वांत निर्दोष आहे. तो लावण्याआधीच दिवे मालवावेत आणि सर्वांना सांगून ठेवावे की पडदा काळाच राहिला तरी टीव्ही बिघडलेला नाही. निर्मितिसंस्थेचे चिन्हही उमटण्यापूर्वी, पूर्ण अंधारात, एका लहान मुलीचे गाणे सुरू होते. त्या वेळी कोणी रिमोटकडे हात नेऊ नये.